नावाचा रकाना

भुजंग मास्तरांच्या पाया पडणारे जुन्या जालन्यात कमी नव्हते. कापडाच्या गल्लीत निम्म्या गाद्यांवर त्यांच्या हातची छडी खाल्लेली माणसं बसलेली, आणि मार खाल्लेला माणूस मास्तर दिसला की वाकतोच. का वाकतो ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून त्या सकाळी गल्लीच्या वळणावर मागून कुणीतरी पायाला हात लावला तेव्हा मास्तर न बघताच "सुखी राहा" म्हणाले आणि पुढं निघाले. छत्री काखेत, शेरवानीची वरची गुंडी लावायची राहिलेली, आणि डोक्यात तुरुंगातल्या ज्वारीच्या पिठात आज पुन्हा रेती निघते की काय एवढाच विचार. चार पावलं गेल्यावर मागून आवाज आला, "गुर्जी, मी रखमाजीची माय." मास्तर थांबले. वळले. पन्नाशीची बाई, पाय पोटरीपर्यंत धुळीनं भरलेले, काखेत एक गाठोडं, आणि डोळे थेट त्यांच्या तोंडावर. कुंभार पिंपळगावची चतुराबाई. गेले सात महिने मास्तर मनातल्या मनात तालीम करत होते, की त्या घरचं कुणी भेटलं तर काय बोलायचं. आंघोळीच्या वेळी, देवाला फूल वाहताना, पाटावर बसून भाताचं शीत चिवडताना. चांगली चांगली वाक्यं त्यांनी जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. ते म्हणाले, "बरं."

बरं म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाही उमगलं नाही. बाईनंही ते मनावर घेतलं नसावं. ती म्हणाली की काल निघाले, परतूरपर्यंत पायी आले, तिथून आगगाडीनं. तुमाला एक विचारायचं हाये. मास्तरांच्या कानात नवीन कापडाच्या खळीचा वास शिरल्यासारखं झालं. वास कानात शिरत नाही हे त्यांना कळत होतं, पण झालं तसंच. समोरच्या दुकानात कुणीतरी गजानं कापड मोजत होता आणि त्याचा आकडा मास्तरांना फार मोठ्यानं ऐकू येत होता. आज आपला तुरुंगाच्या पाहणीचा दिवस आहे, ते घाईनं म्हणाले, तिथलं काम उरकून येतो, तोवर तू आमच्या घरी बस, घरात दुर्गाबाई आहेत, चार घास खा. बाईनं मान हलवली. घरी नको. तिथवर येते, दारात बसते. म्हणजे तुमाला उशीर न्हाई व्हायचा. आणि मास्तर काही बोलायच्या आत ती त्यांच्या मागं, चार हातांचं अंतर ठेवून चालायला लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. मास्तरांना वाटलं, आता या गल्लीतला प्रत्येक माणूस आपल्याकडं बघतो आहे आणि त्याला ठाऊक आहे की मागून कोण चाललं आहे.

भुजंग मास्तरांना पेन्शन होऊन वर्ष झालं नसेल तेव्हा त्यांना ती सनद आली. सरकार आलाच्या, म्हणजे निजामाच्या, राज्यात दर तुरुंगाला एक बिनसरकारी मुआयनेदार असावा, त्यानं महिन्यातून एकदा, न सांगता, हवं तेव्हा जावं, कैद्यांचं अन्न, अंथरूण, आजार बघावेत, हव्या त्या कैद्याशी बोलावं आणि जे दिसेल ते तिथल्या मुआयन्याच्या वहीत लिहावं. तनखा नाही, हुकूम नाही, हातात काठी नाही. नुसते दोन डोळे आणि एक दौत. त्यांच्या आधीचे मुआयनेदार मोठे जमीनदार होते. ते दारोगाच्या कचेरीत बसून चहा घेत आणि वहीत 'इंतजाम काबिले तारीफ' असं लिहून टांग्यात बसत. आत किती कोठड्या आहेत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसेल. मास्तर तसले नव्हते. तीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून चावला, दाताखाली रेती कचकचली, आणि त्यांनी तो तुकडा रुमालात बांधून वहीशेजारी ठेवला. पुढच्या महिन्यात पीठ चाळलेलं आलं. मग आजारी कैद्यांच्या खोलीत पाण्याचा दुसरा रांजण आला. मास्तर घरी येऊन बायकोला, दुर्गाबाईंना, सांगत, की शाळा सुटली खरी, पण ही एक शाळा बरी मिळाली. दुर्गाबाई म्हणत, पोरांना घरी तरी सोडत होता, यांना कुठं सोडणार?

आणि ती वही. जुन्या वहीत नुसता शेरा लिहायला जागा होती. मास्तरांच्या हाताला ते पटेना. एका दुपारी दारोगाकडून पट्टी मागून त्यांनी लाल शाईनं रकाने आखले. तारीख. शिकायत काय. शिकायत करणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव. केलेली कारवाई. उर्दूचं अक्षर त्यांचं नामांकित. ते रकाने इतके देखणे उतरले की दारोगानंही वाहवा केली. दारोगा परभणीकडचा, घरात मराठी बोलणारा, कचेरीत मात्र उर्दूखेरीज अक्षर न काढणारा, फार अदबीचा माणूस. मास्तर त्याला म्हणाले होते की बेनाम तक्रार म्हणजे रद्दी, वरच्या दफ्तरात ती कुणी वाचत नाही. नाव असलं की कागदाला पाय फुटतात. दारोगा म्हणाला, बिलकुल दुरुस्त फरमाया. आता चालताना मास्तरांना ती दुपार आठवली आणि त्या लाल शाईचा वास आठवला. दारोगानं पट्टी आपल्या हातानं धरून ठेवली होती, रेघ वाकडी होऊ नये म्हणून.

सनदेत आणखी एक कलम होतं. मुआयनेदाराला वाटल्यास त्यानं दारोगाला दूर सारून कैद्याशी एकांतात बोलावं. ते कलम मास्तरांनी वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. एक तर समोर उभ्या असलेल्या अदबीच्या माणसाला 'तुम्ही जरा बाहेर जा' म्हणायचं कसं? आणि दुसरं म्हणजे कुजबुज त्यांना आवडत नसे. उभ्या आयुष्यात त्यांनी पोरांना एकच शिस्त लावली होती. कुणी येऊन कानात सांगू लागला, गुर्जी, अमक्यानं माझी पाटी फोडली, तर मास्तर त्याचाच कान धरत. असं नाही. उभा राहा, नाव सांग, मोठ्यानं बोल. जे चार जणांत बोलता येत नाही ते खरं नसतं. किती गावं फिरले, किती पोरं हाताखालून गेली, त्या सगळ्यांना त्यांनी हे शिकवलं. कुंभार पिंपळगावच्या खालच्या वर्गांच्या शाळेत ते चार वर्षं होते. तिथं खिडकीजवळ बसणारं एक पोरगं होतं, सटवाजीचं, काळंसावळं, बोलायला लागलं की आवाज घशातच राहायचा. त्याला ते रोज उभं करत. मोठ्यानं. अजून मोठ्यानं. एकदा हातावर छडीही दिली, आवाज काढण्यासाठी. पोरगं रडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं हजेरीला आपलं पूर्ण नाव असं ठणकावून घेतलं की सगळा वर्ग हसला. मास्तर खूश झाले होते. ते आठवून आता नदीच्या उतारावर ते क्षणभर छत्री टेकून उभे राहिले. मागं चतुराबाईही थांबली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मेहेर महिन्याचा मुआयना. कैदी नेहमीप्रमाणं अंगणात जोड्यांनी उकिडवे बसवलेले, समोर थाळी आणि वाटी, आणि मास्तर दोन रांगांमधून चाललेले, मागं दारोगा. 'कुछ शिकायत?' हा प्रश्न ते दर चार पावलांवर विचारत. तिसऱ्या रांगेत एकानं मान वर केली. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पण डोळ्यांवरून मास्तरांनी ओळखलं. खिडकीजवळचा. गावात पटवाऱ्यानं साहेबाच्या दौऱ्यासाठी फुकट बैलगाडी मागितली, रखमाजीनं पेरणीचे दिवस आहेत म्हणून नकार दिला, आणि आठ दिवसांत त्याच्यावर कोठार फोडल्याचा आळ आला. हे मास्तरांना मागाहून कळलं. तेव्हा त्यांना नुसता आनंद झाला. भलत्या जागी, पण ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद. रखमाजी हलकेच म्हणाला, "गुर्जी, जरा इकडं वाकता का?" आणि मास्तर, तीस वर्षांची सवय, हसून म्हणाले, "असं नाही रे. उभा राहा. नाव सांग. मोठ्यानं बोल."

तो लगेच उठला नाही. हे मास्तरांना सात महिने रोज दिसत होतं. त्यानं आधी मास्तरांकडं पाहिलं, मग त्यांच्या खांद्यामागं, जिथं दारोगा उभा होता तिथं, आणि मग खाली आपल्या थाळीकडं. थाळी त्यानं सरळ केली. मग तो उठला. रखमाजी वल्द सटवाजी, राहणार कुंभार पिंपळगाव. वर्गात घेतल्यासारखं, ठणकावून. त्याची स्वतःची काही तक्रार नव्हती. पलीकडच्या बंद कोठडीत फकरोद्दीन नावाचा म्हातारा पिंजारी आहे, तो म्हणाला, गावोगाव कापूस पिंजत फिरणारा. त्याला चार दिवसांपासून खोड्यात घातलं आहे, पाय सुजले आहेत, ओरडत नाही म्हणून कुणाला कळत नाही. मास्तरांनी कोठडी उघडायला लावली. सगळं खरं होतं. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये अडकवलेले म्हाताऱ्याचे पाय त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. दारोगा म्हणाला, शिपायांची गलती झाली, आणि मास्तरांच्या देखत खोडा उघडला. म्हातारा उठू शकत नव्हता. त्याला दोघांनी उचलून नेलं. मग मास्तर कचेरीत गेले, वही पुढं ओढली आणि पहिल्यांदाच तो सुंदर रकाना भरला. नाव, बापाचं नाव, गाव. टाक दोनदा दौतीत बुडवून, सावकाश, एकही टिंब न चुकवता. त्या दिवशी घरी ते एक भाकरी जास्त जेवले. दुर्गाबाईंना म्हणाले, आज एक काम झालं बघा.

पुढच्या मुआयन्याला तिसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती. मास्तरांनी विचारलं. दारोगा म्हणाला, हैजा हुआ, तीन रोज में गया, बहुत अफसोस. पटकी एकट्याला नेत नाही. जिथं शिरते तिथं दहा खाटा रिकाम्या करून जाते, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. त्या तुरुंगात त्या महिन्यात दुसऱ्या कुणाचं पोटही दुखलं नव्हतं. मास्तरांना तिथंच, उभ्या जागी, सगळं कळलं. रांगेत फकरोद्दीन पिंजारी बसला होता. मास्तरांची नजर त्याच्यावर गेली तसे त्यानं आपले दोन्ही हात सावकाश मांडीखाली घेतले आणि मान खाली घातली. 'कुछ शिकायत?' मास्तरांनी विचारलं. कुणी मान वर केली नाही. चौथ्या रांगेपर्यंत ते विचारत गेले, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना घशातच राहिल्यासारखा ऐकू आला. कचेरीत दारोगानं वही उघडून दिली, टाक दौतीत बुडवून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी लिहिलं, सब ठीक है. त्यांचं अक्षर तेव्हाही सुंदरच आलं.

का लिहिलं? रात्रंदिवस त्यांनी स्वतःला हेच विचारलं. एक उत्तर होतं ते बरं होतं: आता मी ज्याच्याबद्दल विचारीन त्याचा नंबर पुढचा, म्हणून गप्प बसलो. हे उत्तर ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत. त्यात खोट नव्हती. पण त्याच्या खाली दुसरं उत्तर होतं आणि ते साधं होतं. मास्तर घाबरले. टाक पुढं करणाऱ्या त्या स्वच्छ, नखं कापलेल्या हाताला घाबरले. चाळीस पोरांना नजरेनं गप्प करणारा माणूस एका अदबीच्या हाताला घाबरला. तेव्हापासून दर महिन्याला ते जात, भाकरी मोडत, रांगेतून फिरत, प्रश्न विचारत, आणि खाली घातलेल्या मानांवरून नजर फिरवून सब ठीक लिहून येत. पीठ चाळलेलं येत होतं. रांजण भरलेले असत. तुरुंगाची एवढी नीटनेटकी स्थिती आधी कधी नव्हती. सनद परत का करत नाही, असं दुर्गाबाईंनी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी गेलो नाही तर पुन्हा चहा पिणारा येईल. दुर्गाबाई म्हणाल्या, आणि तुम्ही काय करता? हे त्यांनी टोचून नव्हतं विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. नवऱ्यानं ही एक गोष्ट घरात आणली नव्हती.

तुरुंगाच्या दाराशी कडुलिंबाचं झाड होतं. मुलाकातीला आलेली माणसं तिथं बसत. चतुराबाई तिथं जाऊन सराईतपणे बसली, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की ही जागा तिच्या ओळखीची आहे. दारावरच्या सलीम जमादारानं सलाम केला, मोठ्या दारातली दिंडी उघडली. आत अंगण, रांगा, थाळ्या. ऊन अजून चढलं नव्हतं, पण अर्दीबहिश्तचं, म्हणजे फाल्गुनातलं, ऊन सकाळीच भिंतींना लागलेलं असतं, त्याची धग येत होती. मास्तर पहिल्या रांगेत शिरले आणि प्रश्न विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तर प्रश्नच येईना. कुणाला विचारायचा? बाहेर एक बाई बसली आहे आणि इथं चाळीस माणसं बसली आहेत. या प्रत्येकाची कुणीतरी कुठल्यातरी झाडाखाली बसली असेल. ते न विचारताच शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले. कैद्यांनी हळूहळू माना वर केल्या. मुआयनेदार आज विचारत का नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं. मास्तर तसेच मागं फिरले आणि कचेरीत जाऊन खुर्चीवर बसले.

वही समोर आली. मास्तरांनी तारीख घातली. मग ते बराच वेळ त्या रकान्यांकडं बघत राहिले. नावाचा रकाना सात महिने वरपासून खालपर्यंत कोरा होता. त्याच्या वर एकच नाव, रखमाजीचं. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. शिकायत: मेहेर महिन्यात या तुरुंगातल्या एका कैद्यानं खरी गोष्ट सांगितली, म्हणून त्याला मारून टाकलं आणि पटकी झाली असं दाखवलं, त्याचं नाव या वहीत मी लिहिलं, त्यानंतर दर महिन्याला मी 'सब ठीक' लिहिलं ते खोटं आहे. शिकायत करणाऱ्याचं नाव: भुजंग वल्द विठोबा, मुदर्रिस म्हणजे मास्तर, राहणार जुना जालना. लिहून झाल्यावर त्यांनी टाक ठेवला आणि वही फिरवून दारोगापुढं केली. त्यांची छाती धडधडत होती, आणि खोटं कशाला सांगा, त्या धडधडीत थोडी फुशारकीही होती. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांना वाटत होतं.

दारोगानं सगळं वाचलं. दोनदा वाचलं. टीपकागद दाबून शाई टिपली. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच तो मराठीत बोलला, अगदी घरच्यासारखं, आवाज न चढवता. "मास्तर, हे पान फाटंल. ते तुम्हालाही माहीत हाये. तुम्ही तुमचं नाव लिहिलं. तुम्हाला कोन हात लावनार हाये? म्हनून तर लिहिता आलं." मास्तरांनी छत्री उचलली. दारोगा उठून उभा राहिला, अदबीनं, मोठ्या माणसाला निरोप देताना राहतात तसा. मग पुन्हा उर्दूत म्हणाला की सनदेबद्दल वरून हुकूम येईल, आपण तकलीफ करून पुन्हा येऊ नये. अंगणातून परत येताना मास्तरांना चाळीस माणसांच्या पाठी दिसत होत्या. पुढच्या महिन्यात इथं दुसरा कुणी येईल, चहा घेईल. आपण एवढंही राखलं नाही. ज्या शब्दासाठी ते सात महिने झुरले तो लिहून झाला होता आणि त्यानं कुणाच्याही पायातला खोडा सुटला नव्हता.

झाडाखाली चतुराबाई तशीच बसली होती. मास्तर तिच्यासमोर खाली मातीत बसले, शेरवानीसकट. तिला ते आवडलं नाही, ती उठून उभी राहू लागली, पण त्यांनी हातानं बस म्हटलं. आता सांगून टाकायचं, एका दमात, असं त्यांनी ठरवलं होतं. पण बाईच आधी बोलली. ती म्हणाली की पौषात फकरोद्दीन पिंजारी गावात आल्ता. सुटून आला, लंगडत. गावात कुठं काम न घेता आधी तिच्या दारात आला, तिची दुलई उसवून सगळा कापूस पिंजून दिला, एक पैसा घेतला नाही, जेवला पण नाही. जाताना म्हणाला, तुझ्या लेकानं मह्यासाठी उठून सांगलं. तेवढंच म्हणाला. "तव्हापासनं मला झोप न्हाई, गुर्जी. मी दोन डाव मुलाकातीला आल्ते. दुसऱ्या डावाला तुमाला दारातनं बाहेर पडताना पाह्यलं. छत्री घेऊन. मला एवढं बरं वाटलं. आपले गुर्जी हायेत म्हनलं, आता काय भ्याव न्हाई. मंग मी रखमाला म्हन्ले, काय असंल ते गुर्जीला सांग. तो न्हाई म्हनला. म्हनला माय, हितं बोलू नये. मी त्याला माही आण घातली."

गाठोड्याची गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली. "मला येवढंच विचारायचं हाये. तो उठला तव्हा खुशीनं उठला, का मह्या आणेसाठी उठला?"

आजवर त्यांना वाटत होतं की हे सगळं आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे. आता त्यांना दिसलं की ही बाई परतूरपर्यंत पायी, तिथून गाडीनं, हेच उचलून घेऊन आली आहे. आणि एका क्षणात त्यांना असंही वाटलं, की निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे. हिच्या डोक्यावरचं उतरवता येईल. ते बोलू लागले. काही झाकलं नाही. रखमाजीला हळूच सांगायचं होतं, तो वाका म्हणाला होता, कुणाला कळलं नसतं. मी त्याला उभं केलं. मोठ्यानं बोलायला लावलं. दारोगा मागं उभा होता. मग मीच त्याचं नाव, बापाचं नाव, गाव वहीत लिहून दारोगाच्या हातात दिलं. "तुझी आण असती नसती, त्यानं काही झालं नसतं, बाई. त्याला मी मारलं. तू नाही." हे म्हणताना मास्तर रडत होते. तीस वर्षांत त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. दारातून सलीम जमादार बघत होता, त्यानं तोंड फिरवलं.

चतुराबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या तोंडावर राग आला नाही. मास्तर रागाची वाट बघत होते. तो आला असता तर त्यांना हलकं वाटलं असतं. तिनं तुरुंगाच्या भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई गुर्जी. तुमी परके. तुमाला काय म्हाईत? आण माही व्हती." मास्तर पुन्हा सांगू लागले, नाही, ऐक तर, चूक माझी आहे. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. वर्गात एखाद्याला थांबवावं तसं.

"त्याचं मढं दिलं न्हाई. कपडे मागितले, म्हन्ले जाळले. घरात त्याचं काई न्हाई राह्यलं. शेवटाला त्यानं माहं आइकलं, येवढंच मह्यापाशी हाये. ते तरी घेऊ नका."

मास्तरांनी डोळे पुसले. बाईनं गाठोडं काखेला मारलं आणि परतूरची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. मग तेही उठले, शेरवानीची माती झटकली आणि तिच्या मागून, चार हात अंतर ठेवून, स्टेशनच्या वाटेला लागले.